बोर्लीपर्यंत माझी सायकल

ही सायकल निवडायला मला एक अख्खा हिवाळा लागला. नाशिकची थंडी ज्यांनी पहाटेच्या शिफ्टला जाताना अंगावर घेतली आहे, त्यांना याचं नवल वाटणार नाही. गंगापूर रोडवरून सातपूरच्या कारखान्यात मी वर्षानुवर्षं सायकलने जात आलो. डिसेंबरात रस्ता दवाने ओला असतो, बोटं हँडलवर आखडतात आणि उघडे गिअर धूळ नि दव खाऊन चिकटून बसतात. सिग्नलला थांबलो की जड गिअरमध्येच अडकायचो. दर रविवारी बाल्कनीत ब्रश, रॉकेल आणि चिंध्यांचा पसारा. म्हणून ठरवलं, आता घ्यायची ती शेवटची सायकल आणि अशी, की जिच्याकडे फारसं बघावंच लागणार नाही.

गिअर मागच्या चाकाच्या मध्यभागी, हबमध्ये बंद केलेल्या सायकली आपल्याकडे फारशा दिसत नाहीत. लांबून ती साधी, बिनगिअरची वाटते. सगळी दातेरी चक्रं हबच्या डब्यात, तेलात बसलेली असतात, त्यामुळे धूळ आत जात नाही आणि पाणीही जात नाही. जागच्या जागी उभं राहून गिअर बदलता येतो. मी पसंत केलेल्या सायकलच्या चेनला पूर्ण कव्हर होतं, ब्रेकही हबमध्येच होते आणि पुढच्या चाकात डायनामो, म्हणजे दिव्याला सेल नकोत. सायकल जरा जड, आणि मागचं चाक काढायला पाना लागतो, एवढेच दोष. या सगळ्याचा मी इतका अभ्यास केला की नीलिमा, माझी बायको, म्हणाली, "लग्नाआधी माझी एवढी चौकशी केली नव्हतीस."

सायकल बाहेरून मागवावी लागणार होती. ती येईपर्यंत पावसाळा संपत आला. मधल्या काळात मी वाचायच्या चष्म्याचा नंबर काढायला गेलो आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला एका यंत्रात डोकं घालायला लावून बराच वेळ ठिपके दाखवले. जेव्हा जेव्हा ठिपका दिसेल तेव्हा बटण दाबायचं. मला वाटलं, यंत्र मधेमधे बंद पडतंय.

"काचबिंदू आहे," त्या म्हणाल्या. "डावा डोळा बराच गेलाय. उजव्याच्या कडा गेल्यात. समोरचं नीट दिसतं, म्हणून तुम्हाला कळलं नाही."

मी ऑपरेशनबद्दल विचारलं. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता, असं त्या म्हणाल्या. यात गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपायची. थेंब दिले. गाडी चालवता का, असं विचारलं. मी सायकल म्हणालो. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "रहदारीत नको."

त्याच आठवड्यात दुकानातून फोन आला, सायकल आली म्हणून.

"घेऊन ये," नीलिमा म्हणाली. "एकदा मोकळ्या रस्त्यावर लांब चालवून बघू. थंडीतच. मी पुढे राहीन, तू माझ्या मागे. जमलं तर कारखान्यात ने. नाही जमलं तर..." तिने स्वतःची जुनी गिअरची सायकल माळ्यावरून काढली आणि रोज सकाळी कॉलनीत फेऱ्या मारायला लागली. मांडव्यापासून किनाऱ्याने खाली दिघी-दिवेआगरपर्यंतचा रस्ता तिनेच निवडला. जानेवारीत नववर्षाची गर्दी ओसरल्यावर, आठवड्याच्या मधल्या दिवसांत जायचं ठरलं.

मांडवा ते चौल

भाऊच्या धक्क्यावरून मोठ्या बोटीत मोटारींच्या शेजारी सायकली उभ्या करून आम्ही मांडव्याला उतरलो. धक्क्यावर येणाऱ्यांचा एकच लोंढा असतो आणि तो रिक्षा, बसमध्ये बसून बघता बघता नाहीसा होतो. मग रस्ता आपला. नीलिमाने घंटी एकदा वाजवली की डावीकडून काहीतरी, दोनदा वाजवली की उजवीकडून, असं ठरलं होतं. ती पुढे निघाली आणि मी तिच्या पाठीवरच्या लाल जाकिटावर नजर ठेवून मागोमाग.

सायकलबद्दल सांगायचं तर मी तिच्यात काही खोट काढू शकलो नाही. चढ आला की पाय न थांबवता हँडलवरची गिअरची मूठ फिरवायची आणि आत कुठेतरी हलकेच खट्‌ होऊन पाय मोकळे होतात. सपाट रस्त्यावरच्या गिअरमध्ये बारीक टिकटिक येते, बाकी आवाज नाही. नाशिकहून आलेल्या माणसाला इथली थंडी थंडी वाटत नाही, पण सकाळची हवा गार आणि जराशी चिकट असते. ओठांवर मीठ जाणवतं. इथल्या घरांचे पत्रे, खिडक्यांचे गज, उभ्या मोटारसायकलींची बुडं, सगळं गंजाने खाल्लेलं. असल्या हवेतच अशी सायकल हवी, असं मी अलिबागच्या अलीकडे चहा पिताना नीलिमाला सांगितलं. तिने मान हलवली. तिला बिस्किट चहात बुडवून खायची सवय आहे, आणि ते करताना ती माझ्याकडे बघत होती.

आक्षी, नागाव ओलांडल्यावर दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या सुरू झाल्या. त्यांच्या सावलीत रस्ता ठिपक्याठिपक्यांचा होतो, आणि तिथे पहिल्यांदा मला भीती वाटली. उजेडातून सावलीत शिरलं की माझ्या डोळ्यांना सावरायला वेळ लागतो. तेवढ्यात पुन्हा ऊन. लाल जाकीट मधेच विझायचं आणि मधेच पेटायचं. मी वेग कमी केला. नीलिमानेही न सांगता कमी केला.

नागावला ती किनारा बघायला म्हणून सायकल वाळूत घेऊन गेली आणि तिच्या गिअरमध्ये बारीक ओली वाळू गेली. नंतर चेन दर थोड्या वेळाने उड्या मारायला लागली. चौलला पोचल्यावर मी ती उलटी करून बोटांनीच साफ केली. माझ्या सायकलला रुमाल फिरवण्यापलीकडे काही करावं लागलं नाही. त्या संध्याकाळी मी दोन्ही सायकली भिंतीला टेकवून बराच वेळ उभा राहिलो. ही सायकल आणखी वीस वर्षं कुरकुर न करता चालेल, याची मला खात्री पटली होती. माझ्याबद्दल तशी खात्री कोणी देत नव्हतं.

चौलमध्ये आम्ही मोरेश्वरकाकांच्या वाडीत उतरलो. काका सत्तरीचे, अंगात बंडी आणि डोक्याला मफलर. त्यांच्या मते कडाक्याची थंडी पडली होती. त्यांनी आम्हाला पोपटी खाऊ घातली. आमच्याकडे थंडीत शेतात हुरडा भाजतात, तशी इकडे पोपटी. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला घालतात, त्यावर वालाच्या हिरव्या शेंगा, बटाटे, अंडी, मीठ, ओवा. वरून पुन्हा पाला, आणि मडकं उलटं ठेवून भोवती पालापाचोळा पेटवायचा. हुरड्याला गप्पा मारत हात चालवावा लागतो. पोपटीला काहीच करायचं नसतं, वास यायची वाट बघायची.

अंधार पडू लागला तसा माझ्यापुरता विस्तव तेवढा उरला. काकांनी पत्रावळीवर शेंगा पुढे केल्या. मी हात पुढे केला तो बाजूला हवेत गेला.

"काय शोधताय?" काकांनी विचारलं.

"चष्मा आत राहिला," मी म्हणालो.

नीलिमाने माझं मनगट धरून हात पत्रावळीवर ठेवला. शेंगांना धुराचा आणि त्या पाल्याचा कडवट, गोड वास होता. असं खाणं मी आयुष्यात खाल्लं नव्हतं आणि तरी मी पत्रावळीकडे पुन्हा हात नेला नाही.

काका रामेश्वराच्या तळ्याबद्दल, पोफळीच्या बागांना लागणाऱ्या पाण्याबद्दल बोलत राहिले. झोपायला जाताना म्हणाले, "सकाळी पायऱ्यांना कंदील लावून ठेवतो हो. दव पडतं, निसरडं असतं." पहाटे उठलो तेव्हा प्रत्येक पायरीपाशी एक कंदील होता. ते सगळं मनात समजले होते की सगळ्याच पाहुण्यांसाठी तसं करतात, हे मी विचारलं नाही.

बोर्ली

दुसऱ्या दिवशी रेवदंड्याच्या पुलावर आम्ही थांबलो. खाली कुंडलिकेचं रुंद पाणी, पलीकडे कोर्लईचा डोंगर समुद्रात पुढे आलेला. पुलावर वारा होता, ऊन स्वच्छ होतं, वाहनं नव्हती. मला सगळं दिसत होतं, म्हणजे समोरचं. तिथे मी नीलिमाला म्हणालो, "जमेल असं वाटतंय. पहाटेची शिफ्ट सोडून दिवसाची मागून घेईन. कॅनॉलच्या बाजूने गेलो तर रहदारीही लागत नाही."

"बघू," ती म्हणाली.

कोर्लईच्या पुढे रस्ता समुद्राला धरून जातो. उजवीकडे वाळू आणि सुरूची झाडं, डावीकडे अधूनमधून घरं. बोर्लीच्या जवळ आलं की मासळीचा वास आधी येतो. कोळणी वाळूवर जवळा पसरून सुकवतात. जवळा म्हणजे अगदी बारीक कोलंबी, सुकली की गुलाबी भुश्यासारखी दिसते. नाशिकला तो आम्ही बाजारात पोत्यात बघितलेला. तो असा एवढ्या मोठ्या जागेत अंथरलेला असतो आणि त्याच्याभोवती बायका कावळे हाकत बसलेल्या असतात, हे ठाऊक नव्हतं.

सूर्य डावीकडच्या डोंगराच्या अजून जेमतेम वर होता. घरांच्या सावलीतून आम्ही उघड्यावर आलो. नीलिमाने घंटी वाजवली. एकदा. मी ऐकली. डावीकडे बघायला मान वळवली, तर डोळ्यांत नुसतं ऊन. आणि त्या उन्हातूनच माझ्या हँडलवर काहीतरी आदळलं.

मी रस्त्यावर पडलो. गुडघा सोलला गेला, ते नंतर कळलं. समोर एक घमेलं गोल फिरत थांबलं आणि सगळीकडे ओला जवळा सांडला. त्याच्या पलीकडे एक म्हातारी बाई बसलेली, उजवा हात डाव्या हातात धरून.

"मावशी, लागलं का?"

तिने माझ्याकडे बघितलं. चेहरा दुखण्याने वेडावाकडा झाला होता.

"आंधला हायस का रं?" ती म्हणाली.

हा प्रश्न रस्त्यावर कोणीही कोणालाही विचारतो. मलाही पूर्वी विचारलेला आहे. त्याला उत्तर नसतं, माणूस माफी मागतो आणि पुढे जातो. मी तसंच करायला तोंड उघडलं.

"हो," मी म्हणालो. "डाव्या बाजूचं दिसत नाही मला."

नीलिमा परत फिरून आली होती, सायकल हातात धरून उभी होती. हे वाक्य मी तिच्यासमोरही कधी उच्चारलं नव्हतं. डॉक्टर बोलल्या होत्या, ती बोलली होती. मी फक्त हं म्हणत आलो होतो.

म्हातारीला आधी वाटलं मी थट्टा करतोय. मग ती माझ्या डोळ्यांकडे बघत राहिली.

"मंग सायकल कशाला चालवतोस?"

मी घमेलं सरळ करून तिच्याजवळ ठेवलं.

तिचं नाव चांगुणा. मनगट बघता बघता सुजलं. नीलिमाने रिक्षा थांबवली. पण चांगुणाबाई रिक्षात बसेना. समोर वाळूवर तिचा जवळा पसरलेला होता, सून टोपली घेऊन बाजाराला गेली होती, मुलगा बोटीवर. "मी गेली तं याच्याजवल कोन बसल? कावले न्हाय ठेवायचे काय," ती म्हणाली.

"मी बसतो," मी म्हणालो.

तिने पुन्हा एकदा माझ्या डोळ्यांकडे बघितलं. दुसरा माणूस नव्हता. "काठी घे ती. आन मधून मधून परतव. पायान न्हाय, हातान," असं सांगून ती रिक्षात चढली. नीलिमा तिच्याबरोबर दवाखान्यात गेली.

मी आधी रस्त्यावरचा सांडलेला जवळा ओंजळीने घमेल्यात भरला. मग वाळूवर अंथरलेल्या जाळीच्या कडेला बसलो. सायकल मागे सुरूला टेकवली होती. तिला एक ओरखडासुद्धा नव्हता.

कावळे येताना मला दिसायचे नाहीत. काळं काहीतरी एकदम समोर उतरलेलं असायचं आणि चोच मारून झालेली असायची. मी काठी आपटायचो. शेजारच्या जाळीपाशी बसलेली बाई माझी गंमत बघत होती. शेवटी तिला कीव आली असावी. "वो, मांगं बगा, मांगं," असं ती सांगायला लागली. थोड्या वेळाने पंखांचा आवाज माझ्या लक्षात यायला लागला. मी हाताने जवळा परतत होतो, वरचा कोरडा खाली, खालचा ओला वर. हातांना वास लागला तो नाशिकला आल्यावरही गेला नाही. ऊन चढलं. मला कारखाना आठवत होता. दिवसाची शिफ्ट मागण्यासाठी साहेबांशी काय बोलायचं, ते मी पुलावर मनात जुळवून ठेवलं होतं. ती सगळी वाक्यं तिथे बसल्या बसल्या पुन्हा आठवली आणि त्यांतलं एकही आता कामाचं नव्हतं. मला रडू आलं. शेजारच्या बाईने तोंड दुसरीकडे केलं.

दुपारी त्या दोघी परत आल्या. मनगटाच्या हाडाला चीर गेली होती, हात प्लास्टरमध्ये होता. दवाखान्याच्या खर्चाचं आम्ही बघितलं. ते बघण्याने काही भागत नव्हतं. सुकवायचे दिवस होते आणि तिचा उजवा हात आता तिच्या कामाचा नव्हता. मी पुन्हा माफी मागितली. चांगुणाबाईने जाळीवरून नजर फिरवली, एका कोपऱ्यात पायाने वाळू सारली आणि म्हणाली, "बरा परतवलाय."

तिच्या घरी नीलिमाने भात टाकला, चांगुणाबाई डाव्या हाताने काय कुठे आहे ते दाखवत होती. कांद्यात परतलेला जवळा आणि भात. जेवताना तिने आपल्या नवऱ्याचं सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं.

"मना तुजा डोला बगून त्याची याद आली. त्याचं कान गेलं व्हतं. बोट चालवायचा सोडीना. दुसरी बोट आली तं आवाज न्हाय येत त्याला. पोरानी सांगितला, बाबा, आता तू घरा रहा. मंग काय, बोलायचाच सोडला. पोराशी न्हाय, माज्याशी न्हाय. वरीसभर. सकाली दारात बसायचा, बोटी जाताना बगायचा, आन बोटी गेल्या का भिताकडं तोंड करून झोपायचा."

"मग?" नीलिमाने विचारलं.

"मंग येक दिस बोलला. कालवनात मीठ कमी हाय, असा बोलला."

"तुम्ही काय केलंत?"

"मीठ टाकला," चांगुणाबाई म्हणाली.

ती हसली नाही आणि आम्हीही हसलो नाही. तिने नीलिमाला माझ्या ताटात आणखी भात वाढायला सांगितला.

त्या संध्याकाळी आम्ही बोर्लीतच एका दुकानावरच्या खोलीत राहिलो. काशीदला खोली ठरवली होती, तिथे फोन करून कळवलं. समोर बोटी परत येत होत्या. जिन्याच्या पायरीवर बसून मी नीलिमाला म्हणालो, "उद्या मी चालवणार नाही. नाशिकलाही नाही."

ती खालच्या पायरीवर येऊन बसली. मग म्हणाली, "मी पुढे होते ना, तर मागे वळून बघायची हिंमत होत नव्हती मला. तुझ्या चाकाची टिकटिक ऐकत चालवत होते. सकाळी ती एकदम थांबली. वळेपर्यंत मला वाटलं..." तिने गुडघ्यांवर डोकं ठेवलं. "मला बरं वाटतंय तू म्हणालास ते. आणि बरं वाटतंय याचंच वाईट वाटतंय."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या हाताला जवळ्याचा वास येत होता, तिच्याही केसांना येत होता. मला तिचा राग आला होता, हे मी इथे लिहून ठेवतो. तिला बरं वाटलं म्हणून. तो राग अंधार पडेपर्यंत टिकला आणि मग ओसरला.

आगरदांडा

सकाळी आम्ही चांगुणाबाईच्या दारात गेलो. सून घरी होती. तिने आमच्याकडे बघितलंही नाही, घमेलं कमरेवर घेऊन बाजूने निघून गेली. तिचं बरोबरच होतं. आजपासून दोघींचं काम तिला एकटीला करायचं होतं. चांगुणाबाई ओट्यावर बसली होती. "जाव सावकास," एवढंच म्हणाली.

नीलिमाच्या सायकलची चेन पुन्हा उड्या मारत होती. पुढे काशीदचे आणि नांदगावचे चढ होते. मी म्हणालो, "तू माझी घेऊन जा. मी तुझी घेऊन टमटममधून आगरदांड्याला पोचतो."

"नको. आपण दोघंही टमटमने जाऊ."

"नीलिमा, ती सायकल चालायला घेतलीय. जा."

ती नाही म्हणत राहिली, मी ऐकलं नाही. शेवटी ती निघाली. वळणावर तिचं जाकीट दिसेनासं झालं.

माझा तो प्रवास सांगण्यासारखा नाही. टमटमच्या टपावर सायकल, आत मुरुडच्या बाजाराला चाललेल्या बायका, पायाशी बांगडा मासळीच्या पाट्या. मुरुडला गाडी बदलावी लागली. वाटेत काशीदचा समुद्र लागला, लोक सांगतात तसा पांढऱ्या वाळूचा असेलही. मी रस्ताच बघत होतो. चढाला ती कुठला गिअर टाकेल, उतारावर हबचे ब्रेक जरा उशिरा धरतात हे तिला सांगायचं राहिलं, असले विचार डोक्यात.

आगरदांड्याच्या धक्क्यावर मी तिची वाट बघत बसलो. खाडीपलीकडच्या दिघीला जाणारी एक बोट गेली, आणखी एक गेली. पलीकडे खाडीच्या तोंडाशी जंजिऱ्याचा तट दिसत होता. तिकीट देणारे गृहस्थ मधेच येऊन म्हणाले, "बोट लागली हाय, चढायचा न्हाय का?"

"बायको येतेय मागून."

"कशावर?"

"सायकलवर."

ते माझ्याकडे आणि माझ्या शेजारच्या सायकलकडे बघून बोटीकडे परत गेले.

ती आली तेव्हा घामाने भिजली होती, जाकीट कमरेला बांधलं होतं. मी उठून उभा राहिलो. ती समोरून येत होती, सरळ रेषेत, म्हणून मला नीट दिसली. खूप वर्षांत तिचा चेहरा असा बघितला नव्हता. ती खूष होती. मला बघितल्यावर तिने ते आवरलं.

"कशी चालते?" मी विचारलं.

"बरी आहे."

"नीट सांग."

तिने सायकल माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "काशीदच्या चढाला मला वाटलं उतरावं लागणार. मूठ फिरवत गेले, फिरवत गेले, आणि वर पोचले. उतरावंच लागलं नाही सुधीर. वर एक माणूस शहाळी विकत होता. तो म्हणाला, बाई, गाडीला मोटर हाय काय. उताराला मी ओरडले. एकटीच. कोणी नव्हतं."

"ब्रेक?"

"जरा उशिरा लागतात. कळलं मला."

मी तिला सगळं विचारलं आणि तिने सगळं सांगितलं. कुठे खड्डे होते, कुठे कुत्रा मागे लागला, नांदगावला वाडीतून पाटाच्या पाण्याचा आवाज कसा आला. बोट सुटली तरी ती सांगत होती. माझा हात सायकलच्या सीटवर होता. तेव्हा लक्षात आलं की सीट माझ्याच उंचीवर आहे. मी तिच्यापेक्षा चांगला वीतभर उंच आहे. एवढा रस्ता तिने टाचा उचलून, टोकाने पॅडल मारत काढला होता.

"सीट खाली का नाही केलीस?"

ती खाडीकडे बघायला लागली. "तुझी आहे ती," म्हणाली.

मी पिशवीतून ॲलन की काढली. सीटच्या दांडीवर माझ्या उंचीची खूण म्हणून मी काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. ती नखाने सोलून काढली. स्क्रू सैल केला, दांडी नळीत खाली दाबली, तिला सायकलशेजारी उभं राहायला सांगितलं आणि तिच्या कमरेला हात लावून अंदाज घेतला. थोडी आणखी खाली. स्क्रू पुरता आवळला. याला डोळे लागत नाहीत.

"बसून बघ."

डेकवर मोटारी होत्या, माणसं बघत होती. ती बसली. दोन्ही पायांचे चवडे खाली टेकले.

"बरोबर आहे?"

"हो," ती म्हणाली आणि तिला रडू आलं. ती तशीच सायकलवर बसून रडली, मी हँडल धरून उभा राहिलो.

दिघीला बोटीची फळी खाली पडली. मोटारी उतरल्या. नीलिमा सायकलवरून उतरायला लागली, माझ्याबरोबर चालत यायला.

"पुढे हो," मी म्हणालो. "मी टमटम बघतो. दिवेआगरला भेटू."

तिने एकदा माझ्या हातावर हात ठेवला आणि निघाली. धक्क्यापासून वळणापर्यंतचा रस्ता सरळ आहे, त्यामुळे ती मला बराच वेळ दिसत राहिली.